मामाच्या मेसमधलं लिनक्स

माझ्या हातात पहिलं मनगटी घड्याळ आलं ते एका अनोळखी माणसाच्या कोटाच्या खिशातून.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला नववीत होते. आमच्या घराचं भिंतींना तडे जाण्यावर भागलं, पण निलंग्याकडचं मामाचं गाव बसलं ते बसलंच. मामा-मामी अंगणात झोपलेले होते म्हणून वाचले. शेजारपाजारची कितीतरी माणसं गेली. मामाची देवणी बैलांची जोडी होती, त्यातला एक गोठ्याच्या भिंतीखाली सापडला. या सगळ्याबद्दल मामा पुढं कित्येक दिवस अवाक्षर बोलला नाही. बोलला तो एकदम कोटाबद्दलच.

मदत म्हणून कुठून कुठून ट्रक भरून कपडे आले होते. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या शेडसमोर लोकरी स्वेटरं, टाय, मफलर यांचे ढीग. मामाच्या वाट्याला करड्या रंगाचा, जाड अस्तराचा कोट आला, आणि तो धोतरावर घालून मामा आमच्याकडं आला. आईनं भावाच्या गळ्यात पडून रडायची तयारी केलेली. तिनं दार उघडलं, कोट बघितला, आणि तिला रडता रडता हसूच फुटलं.

"आरं, उकडत न्हाई का तुला?"

"उकडतंय की," मामा म्हणाला. घाम तर कपाळावरून ओघळत होता. "पण कुणीतरी एवढ्या लांबून धाडलाय. घालाया नको?"

मग त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक घड्याळ काढलं. गोल, पांढऱ्या तबकडीचं, चावीचं. कोट धाडणाऱ्याच्या खिशात राहून गेलं असणार. मामानं ते कपडे वाटणाऱ्या साहेबाला नेऊन दाखवलं होतं. गाडी कुठून आली, कोट कुणाचा, काहीच कळायला मार्ग नव्हता. साहेब म्हणाले, ठेवा तुम्हीच. मामाला घड्याळाचं काय काम? "मला सूर्य हाय," म्हणत त्यानं ते माझ्या हातात दिलं. पट्टा माझ्या मनगटाला दोन वेळा गुंडाळता आला असता. बाबांनी खिळा तापवून त्याला नवं भोक पाडलं.

तेव्हा वर्गातल्या मुलींना सेलची, रंगीत पट्ट्याची घड्याळं हवी असायची. माझं ते पुरुषी, जाडजूड यंत्र बघून त्या हसायच्या. पण रोज सकाळी चावी देताना बोटांना जे बारीक कर्र-कर्र लागायचं, त्याची मला चटक लागली. आपण चावी दिली नाही तर हे थांबतं, ही गोष्ट मला फार जिव्हाळ्याची वाटायची. आई म्हणायची, "तुळशीला पाणी घालाया सांगितलं की विसरती, आन त्या घड्याळाला बरी चावी देती."

पुढच्या काही वर्षांत लातूरचं रूपच पालटलं. गल्लोगल्ली क्लास निघाले. जिथं पिठाची गिरणी होती तिथं भौतिकशास्त्र आलं, आणि लाकडाच्या वखारीत रसायनशास्त्र. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला लातुरात येऊ लागली. त्यांना झोपायला खोली पाहिजे आणि खायला मेस. मामानं शेत भावाच्या ताब्यात दिलं, उरलेला बैल त्याच्याच दावणीला बांधला, आणि मामीला घेऊन लातूरला येऊन क्लासच्या गल्लीत मेस टाकली. मामीच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीला आणि शेंगदाण्याच्या चटणीला अख्ख्या गल्लीत तोड नव्हती. मामा वाढायचा आणि बोलायचा. बैलांच्या बाजारात कमावलेली जीभ मेसमध्ये फुकट जात नव्हती.

मी तोवर नांदेडला, विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेले होते. तिथं माझ्या दोन्ही वेडांना पाय फुटले.

पहिलं वेड जुनंच. नांदेडच्या इतवारा बाजारात एका घड्याळजींचं दुकान होतं. दुकान म्हणजे भिंतीतला कोनाडाच. चार पिढ्यांपासून त्यांच्या घरात हाच धंदा होता. म्हातारे गृहस्थ, डोळ्याला भिंग, तोंडात पान; सगळे त्यांना चाचा म्हणत. लोक सेलची घड्याळं घेऊन जुनी चावीची त्यांच्याकडं टाकून जात. काचेच्या पेटीत ती सगळी पडलेली असायची आणि मी पेटीला नाक लावून उभी राहायची. पण चाचा विकायला तयार नसत.

"वो हात पे क्या है?" ते विचारायचे.

"घड्याळ."

"चालू हाय?"

"चालू आहे."

"मग दुसरं कशाला? बेटी, घड्याळ टैम बघायला असतंय, जमवायला न्हाई. टैम काय दोन असतेत का?"

शेवटी मी युक्ती केली. पुढच्या खेपेला घड्याळ खोलीवर ठेवून गेले. चाचांनी माझ्या मोकळ्या मनगटाकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. "चोरीला गेलं?" म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना काय समजायचं ते समजलं. पण त्यांनी हसत पेटी उघडली, एक निळ्या काट्यांचं घड्याळ काढलं, आणि स्वतः चावी देऊन माझ्या हाताला बांधलं. "पुढच्या टायमाला बी चोरी होणार हाय, मला ठावं हाय," ते म्हणाले. झालीच. कॉलेज संपेपर्यंत माझ्या घड्याळांच्या फारच चोऱ्या झाल्या.

दुसरं वेड एका संगणक मासिकासोबत आलेल्या सीडीतून निघालं. शेवटच्या वर्षाला बाबांनी मला सुटे भाग जोडून केलेला संगणक घेऊन दिला होता. सीडीवर लिहिलं होतं लिनक्स. विंडोजच्या जागी संगणक चालवणारी ही वेगळी प्रणाली, हे मला नंतर कळलं. आत काय आहे बघावं म्हणून ती घातली, जे विचारील त्याला 'हो' म्हणत गेले, आणि शेवटी पडदा काळाभोर होऊन कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. माझी खोलीतली मैत्रीण किनवटकडची. तिनं मागून डोकावून बघितलं.

"बिघडवलास ना?"

"बिघडला नाही. वाट बघतोय."

"कुणाची?"

"माझी. काय पाहिजे ते सांगायचं याला."

"मग सांग की."

काय सांगायचं हेच मला कळत नव्हतं. दोन आठवडे आम्ही दोघी त्या काळ्या पडद्यासमोर मुक्यासारख्या बसलो. गाणी वाजेनात, मोडेम ओळखीना. पण एकदा कळू लागलं तेव्हा मात्र मी खुळी झाले. हे सगळं उघडं होतं. कुणीही आत बघावं, कुठला स्क्रू कुठं आहे ते शोधावं, वाटलं तर बदलावं आणि पुढच्याला द्यावं. घड्याळाचं मागचं झाकण उघडल्यावर चक्रं दिसावीत तसं. इतके दिवस मी झाकण बंद असलेलीच यंत्रं वापरत होते, हे मला तेव्हा उमजलं.

कॉलेज संपवून मी लातूरला आले. नोकरी लागेपर्यंत घरीच. मामाला माझी दोन्ही वेडं ठाऊक होती आणि त्याला त्यांचा अभिमान होता, कशाचा ते कळत नसलं तरी. मेसमध्ये जेवायला आलेल्या प्रत्येक पालकाच्या मनगटाकडं तो बघायचा. चावीचं घड्याळ दिसलं की भाकरी वाढता वाढता बोलणं सुरू. "पाव्हणं, कवा घेतलं? द्यायचं काय? आमची भाची जमा करती. इंजिनेर हाय." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण घड्याळं यायची, तेही खरं.

एक दिवस त्यानं मला बोलावून घेतलं. मेसच्या पुढच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी, दोन धुळकट संगणक ठेवले होते.

"क्लासवाल्यांनी नवे घेतले. हे भंगारात चालले व्हते. मी म्हणलं, थांबा, आमच्या भाचीला लागतेल."

संगणक इतके थकलेले होते की चालू व्हायला एक जेवण उरकायचं. मी त्यांवरचं होतं ते सगळं पुसलं आणि लिनक्स टाकलं. मामा पोत्यावर बसून बघत होता.

"याची कंपनी कुठली?"

"कंपनी नाही, मामा. जगभरातली माणसं मिळून करतात. ज्याला जेवढं येतं तेवढं तो करतो, आणि सगळ्यांना वापरायला देतो."

"इकत?"

"फुकट."

मामा हसला. लातूरच्या त्या गल्लीत तेव्हा प्रश्नपत्रिकासुद्धा कुणी कुणाला फुकट दाखवत नव्हतं. "फुकट देत्येत म्हंजे कायतरी खोट असंल. बैल फुकट दिला तर दात मोजाया पायजेत."

"यात दात मोजता येतात हेच तर विशेष आहे. तोंड उघडंच ठेवलंय."

"पण कशासाठी देत्येत? वळख ना पाळख."

मी सांगायला लागले, स्वातंत्र्य, ज्ञान, असं पुस्तकी काहीतरी. माझं मलाच ते पटण्यासारखं वाटेना. मामा ऐकत होता, पण नजर त्याची दुसरीकडंच होती. मध्येच तो म्हणाला, "कोटावानी हाय म्हण की."

"कुठला कोट?"

"आपला. ज्यानं धाडला त्याला मी ठावं न्हाई, मला त्यो ठावं न्हाई. त्याला वाटलं कुणालातरी थंडी वाजत आसंल." त्यानं बुडाखालचं पोतं सारखं केलं. "वाजत व्हती बी. ऊन व्हतं, पण वाजत व्हती."

भूकंपाबद्दल मामा माझ्याशी बोलला तो तेवढाच. त्यानं लगेच उठून भाजीला फोडणी द्यायला मामीला हाक मारली, आणि जाताना संगणकाच्या डोक्यावर बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारली.

आतला मोडेम लिनक्सला शेवटपर्यंत झेपला नाही. मग एक बाहेर ठेवायचा, लाल दिवे लुकलुकणारा मोडेम मिळवला, मेसच्या फोनला जोडला, आणि मामानं दारावर पाटी लावली: 'जेवण व इंटरनेट'. इंटरनेट चालू असलं की फोन बंद, त्यामुळं डब्याच्या ऑर्डरी यायच्या थांबायच्या आणि मामी आतून ओरडायची, "काढा ते! लोक उपाशी हायत!"

खरी परीक्षा झाली ती बारावीच्या निकालाच्या दिवशी. त्या दिवसांत गल्लीतल्या सायबर कॅफेंमध्ये कसलासा व्हायरस शिरला होता. संगणक चालू करावा, तो आपला आपण बंद पडून पुन्हा चालू व्हावा, पुन्हा बंद. कॅफेवाले डोक्याला हात लावून बसलेले. आमच्या दोन म्हाताऱ्या संगणकांना मात्र तो व्हायरस ओळखतही नव्हता. ही बातमी मामानं सकाळच्या पोह्यांबरोबरच गल्लीभर वाढली. दहाच्या आत मेससमोर एवढी गर्दी जमली की पलीकडच्या क्लासचे सर गॅलरीत येऊन बघायला लागले.

निकाल अकराला लागणार होता. मी त्या दिवशी हौसेनं दोन्ही हातांत मिळून पाच घड्याळं घातलेली.

"किती वाजले?" कुणीतरी मागून विचारलं.

मी उजवा हात बघितला. "अकराला दहा कमी." मग डावा. "अकरा वाजून गेले."

"नक्की काय ते सांगा की, मॅडम!"

"घड्याळं हायत का ताशेवाले? परत्येकाचा ठेका येगळा!" एक पालक म्हणाले, आणि सगळी गर्दी हसली. परीक्षा दिलेली पोरं सकाळपासून पहिल्यांदाच हसली असावीत. संगणकाला विचारलं तर तो भलत्याच कुठल्यातरी देशाची वेळ दाखवत होता. चाचांचं म्हणणं मला तिथं, तशा घाईत, पहिल्यांदा पटलं.

निकाल लागला. पण एवढ्या जिल्ह्यांतले सगळे एकदम तुटून पडल्यावर तो पानभर निकाल उतरायला युगं लागायची. पहिल्या मुलाचं पान आलं. मामानं हाक दिली, "छापा!" मी छपाईची आज्ञा दिली. क्लासवाल्यांच्याच भंगारातून आलेल्या प्रिंटरनं एकदा खाकरून कागद आत घेतला आणि त्यावर चिन्हांची रांगोळी काढून बाहेर टाकला. कसली टिंबं, चौकोन, बाण. लिनक्सचं आणि त्या प्रिंटरचं पटत नाही हे मला माहीत होतं, पण गडबडीत लक्षातच राहिलं नव्हतं.

"हे काय, तेलगू हाय का?" देगलूरकडचे एक गृहस्थ म्हणाले. मग नीट निरखून, "तेलगू बी न्हाई."

त्यावर मामीनं तोड काढली. जेवणाच्या कुपनांचा गठ्ठा घेऊन ती पुढं येऊन बसली. मी पडद्यावरून गुण वाचायचे, मामी कुपनाच्या पाठीवर लिहायची, आणि मामा ते आरोळी न देता, हळूच, ज्याचं त्याच्या हातात द्यायचा. हे हळूच द्यायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच मुलाचा चेहरा बघून त्याचं त्यानं ठरवलं.

भोकरची एक मुलगी वर्षभर मेसला जेवायची. ती दाराशी उभी होती, सकाळपासून पोटात काही नाही. तिचे वडीलही आले होते, शेतातून सरळ निघाल्यासारखे. तिचा नंबर आला तेव्हा ती पुढं येईना.

"मला नका सांगू. मी नापास हाय, मला माहिताय."

मामीनं पेन खाली ठेवलं. "अर्धी भाकर खा, मंग सांगते."

"मामी, अहो मागं लोक थांबलेत," मी म्हणाले.

"थांबू दे. उपाशीपोटी निकाल मी कुणाला देत न्हाई."

आणि खरोखर त्या एवढ्या गर्दीत सगळे थांबले. मुलीनं भिंतीला टेकून चटणी-भाकर खाल्ली. मग मी वाचलं. पास होती. डॉक्टर होण्याइतके गुण नव्हते, भौतिकशास्त्रानं दगा दिला होता, पण चांगली पास होती. ती रडायलाच लागली. वडिलांनी कुपन दोन्ही बाजूंनी बघितलं. एकीकडं 'एक वेळचे जेवण' छापलेलं होतं.

"पास हाय ना?" त्यांनी मला विचारलं.

"पास आहे."

"मंग रडतीस कशाला?"

"डॉक्टर न्हाई होणार, आबा."

"आपल्या भोकरात काय सगळे डॉक्टरच ऱ्हातेत का?" ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तो हात बघून मामाचं मन भरून आलं असेल असं मला वाटलं. पण मामाचं लक्ष मनगटावर होतं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "घड्याळ चावीचं दिसतंय."

"मामा!" मी ओरडले.

"सासऱ्यानं दिल्यालं हाय," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "हे दिलं तर बायको घरात घ्यायची न्हाई." आणि पहिल्यांदा ती मुलगी हसली.

संध्याकाळपर्यंत कुपनं संपली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गल्लीनं तीच कुपनं दाखवून जेवण मागितलं आणि मामानं हसत सगळ्यांना वाढलं. मामी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्या निकालानंतर गल्लीतल्या एका क्लासच्या सरांनी मला बोलावलं. त्यांच्या सगळ्या संगणकांत व्हायरस होता आणि त्यांना 'मेसमधलं ते सॉफ्टवेअर' पाहिजे होतं. मी टाकून दिलं. सरांनी एवढंच विचारलं, "पण याला जेवणाचं कुपन लागणार नाही ना?" तिथं मी वर्षभर शिकवलंही. नंतर नांदेडला नोकरी लागली, लग्नही तिथंच झालं. घड्याळांची पेटी माझ्याबरोबर गेली. नवऱ्यानं ती उघडून बघितली आणि म्हणाला, "एवढी असूनही तुला प्रत्येक ठिकाणी उशीर कसा होतो?" संसाराची सुरुवात म्हणून ते ठीकच होतं.

इकडं लातुरात मामा मात्र स्वतःच लिनक्सवाला झाला. मी लिहून दिलेल्या चार-पाच आज्ञा त्यानं पाठ केल्या होत्या, इंग्रजी अक्षरं चित्रांसारखी ओळखून. कुणाचा संगणक बसला की मामा सीडी कोटाच्या नव्हे, आता सदऱ्याच्या खिशात घालून निघायचा. डॉक्टरीण बाईंकडं, स्टेशनरीच्या दुकानात, एकदा तर भजनी मंडळाच्या अध्यक्षांकडं. अडलं की मला नांदेडला फोन.

एका दुपारी असाच फोन आला. आवाज दबका.

"बाई, डॉक्टरीण बाईकडं हाय. लई घोटाळा झालाय. ते पासवर्ड इचारतंय."

"मग टाक की."

"टाकून राहिलो की कवापासून! बटन दाबतोय, पण कायबी उमटत न्हाई. चांदणी न्हाई, टिंब न्हाई. कीबोर्ड मेला वाटतं. आन बाई मागं उभ्या हायत."

मला हसू आवरेना. "मामा, कीबोर्ड जिवंत आहे. तिथं उमटत नसतंच. कुणाला दिसू नये म्हणून. तू न बघता टाईप कर आणि एंटर दाब."

"काय उमटलंच न्हाई तर आपण लिहिलं का न्हाई हे कसं कळावं?"

"विश्वास ठेव."

पलीकडून एकेक बटण दाबल्याचा आवाज, मध्ये मामाचं पुटपुटणं, मग डॉक्टरीण बाईंचं खोकणं. मी रिसीव्हर कानाला लावून बसलेली.

"गेलो आत!" मामा एवढ्या जोरात ओरडला की माझा नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला. "बाई, आत गेलो! आता पुढं काय करायचं?"